कोल्हापूरच्या विमानतळाचा इतिहास: फिती कापल्याच्या तारखा पुरे, धावपट्टी मोजूया

जुनी_पानं (धागाकर्ता)

कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ सुरू झालं. पुढच्याच वर्षी महाराज गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतरचा इतिहास कुठेही वाचा, एकाच साच्यातला असतो: सेवा सुरू, सेवा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद, नवी इमारत, उद्घाटन.

या यादीतून सेवा का थांबली आणि पुन्हा का सुरू झाली ते कळत नाही. माझं मत असं की छोट्या विमानतळाचा खरा इतिहास धावपट्टीच्या लांबीत असतो. कोल्हापूरची पट्टी बरीच वर्षं १,३७० मीटर होती. ती ५६० मीटरने वाढून १,९३० झाली आणि पुढचं उद्दिष्ट २,३०० आहे. या तीन आकड्यांमधून कोणतं विमान किती माणसं घेऊन उठू शकतं ते ठरतं. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

जाणकारांना दोन प्रश्न. हे आकडे प्रत्यक्षात काय बदलतात? आणि अशा विमानतळाचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे शोधायचे?

पश्चिमवारा

लांबीच्या आधी दिशा बघा. कोल्हापूरची पट्टी ०७/२५ आहे. एका टोकावरून तोंड सुमारे ७० अंशांकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येला. दुसऱ्या टोकावरून २५० अंशांकडे, म्हणजे पश्चिम-नैऋत्येला. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, म्हणून २५ नंबरच्या दिशेने उतरताना आणि उडताना तो समोरून मिळतो. हवा ढगाळ, पट्टी ओली, अशा दिवसांत समोरचा वारा म्हणजे थांबायला कमी अंतर.

आंतरराष्ट्रीय नियम असा की दिशा अशी निवडायची, की निदान ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहील. ती मर्यादाही लांबीवर ठरते: १,२०० ते १,५०० मीटरच्या वर्गाला ताशी २४ किलोमीटर, त्यापुढे ३७. एकदा ही दिशा धरली की पुढची सगळी वाढ त्याच रेषेत करावी लागते. त्या रेषेत टेकडी, रस्ता किंवा वस्ती असेल तर भांडण ठरलेलं.

लोड_फॅक्टर

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमानाच्या माहितीपत्रकात लागणारी लांबी समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला दिलेली असते. सत्तर सीटांच्या एटीआर-७२ विमानाला पूर्ण वजनाने उडायला सुमारे १,३०० मीटर लागतात. मग १,३७० पुरे, असं वाटतं. पण कोल्हापूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात दुपारचा पारा ३७ ला जातो. आराखडा करताना वापरतात तो ढोबळ हिशोब असा:

दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढ. ६०० मीटरला १४ टक्के, म्हणजे १,३०० चे १,४८२.

मग तापमान. ६०० मीटर उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरतात. ३७ वजा ११ म्हणजे २६ अंश जास्त. दर अंशाला १ टक्का, म्हणून १,४८२ चे १,८६७.

उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर ढोबळ हिशोबावर न थांबता त्या जागेसाठी वेगळा अभ्यास करा, असं नियमच सांगतो. इथे ती ४३ टक्क्यांवर जाते. म्हणजे १,३७० मीटरवर उन्हाळ्याच्या दुपारी एटीआर-७२ भरून उठणं शक्यच नव्हतं. उतरायला अडचण नाही, उडायला आहे. मग वजन कमी करतात: आधी माल, मग जादा इंधन, मग सीटा. इंधनाला एका हद्दीखाली हात लावता येत नाही, कारण पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन टाकीत असावंच लागतं. सत्तर सीटांच्या विमानात वीस रिकाम्या ठेवून ते उडवलं तर तिकिटं सगळी विकूनही फेरी तोट्यात जाते. बाहेरून बघणारा म्हणतो, 'कोल्हापुरात प्रवासीच नाहीत.'

आता १,८६७ च्या शेजारी १,९३० ठेवा. ५६० मीटर वाढवल्याने काय झालं ते लगेच दिसेल.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). १,८६७ आणि १,९३० शेजारी ठेवल्यावर लख्ख कळलं.

रूळ

गणित मान्य, पण मुंबईसाठी विमानाची गरज किती? महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपा, सकाळी मुंबईत उतरा. दिवस मोडत नाही, हॉटेलचं भाडं नाही. विमानाची वेळ दुपारची असली तर जाणं-येणं धरून दोन दिवस जातात. सेवा बंद पडण्याचं हेही कारण आहे. त्याला पट्टीची लांबी काय करणार?

वेळापत्रक

@रूळ, दुपारची वेळ कुणी हौसेने घेत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. सकाळ-संध्याकाळचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, आधीच भरलेले. अठरा किंवा सत्तर सीटांच्या विमानाला तिथे दीडशे-दोनशे सीटांच्या विमानाशी झगडावं लागतं, कारण पट्टीवरचा वेळ दोघांना जवळजवळ सारखाच लागतो. सोयीची वेळ मिळाली नाही की मुंबईची फेरी लंगडी होते.

म्हणून 'उडान'नंतरचा, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या योजनेनंतरचा, कोल्हापूरचा नकाशा बघा. एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनने अठरा सीटांच्या बीचक्राफ्ट १९००डी विमानाने मुंबई जोडली. डिसेंबर २०१८ मध्ये अलायन्स एअरने एटीआरने हैदराबाद आणि बंगळूर जोडलं, २०१९ मध्ये इंडिगोने तिरुपती. हैदराबाद-बंगळूरला रात्रीच्या गाडीचा पर्याय मुंबईइतका सोपा नाही, म्हणून तिथे विमान टिकाऊ ठरतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांचं गिऱ्हाईकही दक्षिणेत आहे.

'उडान'चा हिशोबही माहीत हवा. निम्म्या सीटा (कमीत कमी ९, जास्तीत जास्त ४०) ठरलेल्या भाड्यात द्यायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती. तूट भरून काढायला तीन वर्षं अनुदान आणि त्या मार्गावर तीन वर्षं मक्तेदारी. अनुदानात केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा २०. शिवाय राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा आणि पोलीस व अग्निशमन सेवा फुकट द्यायची. तीन वर्षं संपल्यावर अनुदान जातं. तोवर सीटा आपोआप भरू लागल्या नसतील तर चौथ्या वर्षी सेवा थांबते. छोट्या विमानतळांचा इतिहास लिहिताना सेवा सुरू झाल्याच्या तारखेत तीन वर्षं मिळवून बघायची सवय लावा.

अंबाबाईचा_शालू

तिरुपतीचं नाव निघालं म्हणून. नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला शालू येतो, आणि बालाजीचं दर्शन घेतलं की कोल्हापूरला यायचं ही जुनी रीत आहे. सर्वेक्षण न करताही ठरवता आला असता असा हा मार्ग.

गुंठा

सगळे लांबीबद्दल बोलताहेत. जमिनीचा मामला रुंदीत अडकतो. हिशोब मांडतो.

साध्या, डोळ्यांनी बघून उतरण्याच्या पट्टीभोवती १५० मीटर रुंदीचा मोकळा पट्टा लागतो, दोन्ही टोकांना ६० मीटर जास्त. १,३७० च्या पट्टीसाठी १,४९० गुणिले १५०, म्हणजे साधारण २२ हेक्टर. उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय असलेली २,३०० मीटरची पट्टी केली की रुंदी २८० मीटर होते. २,४२० गुणिले २८०, म्हणजे जवळपास ६८ हेक्टर. त्यापलीकडे प्रत्येक टोकाला सुरक्षा क्षेत्र: किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. लांबी पावणेदोन पटही झाली नाही आणि जमीन तिपटीच्या वर गेली. यात इमारत, ॲप्रन (विमानं उभी करायची जागा), रस्ता अजून धरलेलाच नाही.

ही जमीन मोकळी नसते. विहीर असते, पाइपलाइन असते, दोन भावांच्या बांधावरचा वाद असतो. एका गटाचा निवाडा अडला की संपूर्ण टोक अडतं, कारण पट्टीला मध्ये खाच ठेवता येत नाही.

कागद कुठे, याचं उत्तर: संबंधित गटांचे सातबारा आणि त्यांचे फेरफार काढा. ज्या फेरफाराने जमीन शासनाच्या नावे झाली त्यात निवाड्याचा क्रमांक आणि तारीख असते. भूसंपादनाच्या अधिसूचना राजपत्रात मिळतात: १८९४ च्या कायद्याखाली कलम ४ आणि ६, २०१३ च्या कायद्याखाली कलम ११ आणि १९. कलम ४ ची आणि ताबापावतीची तारीख यातलं अंतर मोजलं की काम का रखडलं ते कुणाला विचारावं लागत नाही.

चिखलठाणा_रोड

टोकाला ९० मीटर की २४०, हा कागदावरचा वाद वाटेल. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादच्या चिखलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दुपारच्या उन्हात, भरलेलं, उडालं. पट्टीच्या अगदी टोकाशी चाकं उचलली गेली आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकवर आदळली. विमान पुढे उच्चदाबाच्या तारांत जाऊन कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

वर @लोड_फॅक्टर यांनी मांडलेलं उन्हाचं आणि वजनाचं गणित आणि @गुंठा यांची टोकापलीकडची जमीन, दोन्ही त्या एका दुपारी एकत्र आलेली दिसतात. विमानतळाजवळचा रस्ता वळवायची मागणी आली की लोक चिडतात, फेरा पडतो म्हणून. फेरा पडतोच. तरीही रस्ता वळवलाच पाहिजे.

डांबर

लांबी वाढवणं म्हणजे पुढे डांबर ओतणं नव्हे. एटीआर-७२ चं वजन २३ टन, ए-३२० या मोठ्या जेट विमानाचं ७८ टनांच्या आसपास. दोघांच्याही मुख्य पायांना मिळून चाकं चारच. म्हणजे एका चाकावर एटीआरचे साडेपाच टन, ए-३२० चे साडेअठरा. टायरमधली हवाही त्याच मानाने जास्त कडक. म्हणून जुना भागसुद्धा जाड करावा लागतो, नाहीतर नवं टोक मजबूत आणि मधली पट्टी दबलेली.

सगळ्यात नाजूक जागा जुन्या-नव्याचा सांधा. जुनी कड उभी कापून शेजारी नवे थर लावले तर तिथेच आडवी भेग पडते. काही पावसाळ्यांत ती वर येते, पाणी खाली जातं, खडी सुटते आणि सुटलेली खडी पंख्यात जाते. म्हणून जुना थर पायऱ्यांसारखा कापतात, प्रत्येक नवा थर खालच्या सांध्यापेक्षा पुढे सरकवून बसवतात आणि शेवटचा थर जुन्या-नव्यावर सलग ओढतात. खाली काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरायचा किंवा चुना मिसळून तिचं फुगणं कमी करायचं. हे टाळलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पट्टीला लाटा दिसतात.

वाचनमात्र

एक प्रश्न. नाइट लँडिंग सुरू होणार, अशा बातम्या सगळ्याच छोट्या गावांत वर्षानुवर्षं येतात. दिवे लावायला इतका वेळ का?

दिवटी

दिवे लावणं हे त्यातलं सोपं काम.

कडेचे दिवे ६० मीटरच्या आत असावे लागतात. १,९३० मीटरला एका कडेला तीसहून जास्त. सगळे एकाच माळेत, ६.६ अँपिअरच्या स्थिर प्रवाहावर. घरच्या माळेसारखा एक गेला की सगळे जाऊ नयेत म्हणून प्रत्येक दिव्याला जमिनीखाली स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं की इन्सुलेशन उतरतं, आणि पावसाळ्यातला निम्मा वेळ ते शोधण्यात जातो. पट्टीचे शेवटचे ६०० मीटर कडेचे दिवे पिवळे दिसतात, टोक जवळ आल्याची खूण म्हणून. पट्टी वाढवली की हा पिवळा भागही पुढे सरकवायचा. हे विसरून चालत नाही.

मग 'पापी' (पीएपीआय), म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणारे दिवे. ओळीत चार: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतरण्याचा कोन ३ अंश, बरोबर. कोन लावतात तो दिव्यागणिक वेगळा: २ अंश ३० मिनिटं, २ अंश ५० मिनिटं, ३ अंश १० मिनिटं, ३ अंश ३० मिनिटं. पाया थोडा खचला तरी वैमानिकाला चुकीचा रंग दिसतो.

मग मागची वीज: गेल्यावर १५ सेकंदांत जनरेटरने दिवे परत आणायला हवेत. मग आजूबाजूच्या टेकड्या, टाक्या, टॉवर यांच्यावर लाल दिवे. त्या जागा विमानतळाच्या मालकीच्या नसतात, म्हणजे पुन्हा परवानग्या. शेवटी तपासणीचं विमान येऊन प्रत्यक्ष उडून बघतं, परवान्यात दुरुस्ती होते आणि मग रात्रीचे कर्मचारी. अग्निशमनही वाढतं: एटीआर-७२ ची लांबी २७ मीटर, वर्ग ५, ए-३२० ची साडेसदतीस, वर्ग ६.

पश्चिमवारा

@दिवटी यांच्यात भर. रात्रीपेक्षा पावसाळा जास्त फेऱ्या खातो. नुसतं डोळ्यांनी उतरायचं असेल तर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १,५०० फुटांवर ढग लागतात. जुलैत हे सलग चार दिवस न मिळणं नवल नाही. पूर्वी उपाय एकच, जमिनीवरची महागडी यंत्रणा. आता उपग्रहाच्या साहाय्याने उतरण्याची पद्धत आखता येते. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगढला 'गगन' प्रणालीवर एटीआर-७२ उतरवून दाखवलं, आणि किशनगढही छोटंच विमानतळ. अशा ठिकाणांसाठी हा बदल मला पट्टीवाढीइतकाच मोठा वाटतो.

सांबरा

बेळगावशी तुलना करायचा मोह होतोय. सांबऱ्याचं विमानतळ १९४२ साली, युद्धाच्या गरजेतून, ब्रिटिश हवाई दलाने बांधलं. गोंदियाचं बिरसीही युद्धकाळातलं. युद्धासाठी बांधलेल्या जागांना सुरुवातीलाच ऐसपैस जमीन मिळाली. कराडची पट्टी कोयना प्रकल्पासाठी, पन्नाशीच्या दशकात. कोल्हापूर संस्थानच्या इच्छेतून उभं राहिलं. जन्म कशासाठी झाला त्यावर जमीन ठरली, आणि जमिनीवर पुढची सत्तर-ऐंशी वर्षं.

दसरा_चौक

धागाकर्त्यांशी असहमत. लांबी हा परिणाम आहे, कारण नव्हे. पट्टी वाढवायचा निर्णय कुणाच्या हातात होता, ते बघा. संस्थान असताना दरबार ठरवत होता. विलीनीकरणानंतर मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. कुठल्या गावाला विमान द्यायचं हे दिल्लीत ठरू लागलं. विमानतळ मधल्या काळात एमआयडीसीकडे होतं आणि नंतर विमानतळ प्राधिकरणाकडे गेलं. जमीन संपादन करणार राज्य, पट्टी बांधणार केंद्र, विमान आणणार कंपनी. तिघांचं एकाच वेळी जमलं तेव्हा काम पुढे गेलं.

राजाराम महाराजांच्या निर्णयाचंही मोल इथेच आहे. १९३२ ला टाटांची टपाल सेवा कराचीहून मुंबईला आली, आणि सातच वर्षांत एका संस्थानाने स्वतःचं विमानतळ केलं. त्या वेळी ही जागा राखली गेली नसती तर आज शहराजवळ सलग जमीन कुठे मिळाली असती?

जुनी_पानं

@दसरा_चौक, तुमचा मुद्दा पटला. निर्णय कुणाचा आणि पट्टी किती, या दोन ओळी शेजारी शेजारी मांडून लिहायला हवं. मालकी बदलली ती वर्षं आणि लांबी बदलली ती वर्षं जुळतात का, हे तपासतो.

कागदांची यादी आतापर्यंत अशी: दरबारच्या कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, १९६० चं जिल्हा गॅझेटियर, सातबारा-फेरफार, राजपत्र. अलीकडच्या काळासाठी प्राधिकरणाची वैमानिकी माहिती पुस्तिका. अजून काही?

लोड_फॅक्टर

पुस्तिकेत 'व्हीएकेपी' हा कोल्हापूर विमानतळाचा संकेत शोधा, आणि नुसती पट्टीची लांबी घेऊ नका. चार घोषित अंतरं असतात: उड्डाणाची धाव, उड्डाणाचं अंतर, धाव थांबवण्याचं अंतर, उतरण्याचं अंतर. डांबर पूर्ण झालं तरी समोर झाड किंवा टाकी असेल तर उतरण्याचं अंतर कमीच राहतं. उतरण्याच्या मार्गाचा उतार पन्नासास एक. दहा मीटर जास्त उंच अडथळा ५०० मीटर पट्टी खातो. बातमीतली लांबी आणि पुस्तिकेतलं अंतर, दोन्ही तारखांसकट नोंदवा. पुस्तिकेतले बदल २८ दिवसांच्या चक्राने येतात, त्यामुळे तारीख नेमकी मिळते.

गुंठा

जुन्या काळासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. उजळाईवाडी ४७ एल/६ या पत्रकात येते. वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या मागवा आणि पट्टी दाखवलेली असेल तर सरळ फूटपट्टी लावा. इंचाला मैल असलेल्या जुन्या पत्रकावर १,३७० मीटर म्हणजे २१.६ मिलिमीटर, पन्नास हजारीवर २७.४. नव्या खुल्या मालिकेत असे तपशील गाळलेले असू शकतात, म्हणून जुनीच आवृत्ती बघा. साठच्या दशकातली अमेरिकेची खुली झालेली उपग्रहचित्रंही मिळतात. त्यात पट्टीची दिशा नकाशाशी पडताळता येईल.

पश्चिमवारा

आणि दिशा जुळली नाही तर लगेच इथे कळवा. आपल्याकडे चुंबकीय फरक एखाद्या अंशाचाच आहे, तेवढ्याने पट्टीचा नंबर बदलत नाही. जुन्या पत्रकावर पट्टी ०७/२५ सोडून वेगळ्या दिशेला दिसली, तर १९३९ चं मैदान आजच्या पट्टीखाली नाही, शेजारी कुठेतरी आहे.

जुनी_पानं

पुराभिलेखागाराच्या आधी मग ४७ एल/६ च मागवतो. पत्रक हाती आलं की मोजमाप आणि दिशा इथेच टाकतो.